तळ्यावरची हजेरी

२९ जून १९८५, शनिवार

पोचलो एकदाचे! साडेचार तास गाडीत. मीरा तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेली. इथे अमेरिकेत पाच महिन्यांच्या बाळालाही मांडीवर घेऊन बसायची सोय नाही, पोलीस पकडतात म्हणे. मांडी रिकामी कशाला ठेवायची म्हणून मी तिच्यावर कुकर घेतला. जावईबापू गुरुदत्तराव निघताना म्हणत होते, "आई, कॅबिनमध्ये सगळं असतं, भांडी नका घेऊ." सगळं म्हणजे काय, तर दोन तवे आणि वाइनचे दहा ग्लास!

जागा मात्र छान आहे. लाकडी घर, चार पायऱ्या उतरल्या की तळं. धक्क्याला एक होडी बांधलेली. गुरुदत्तरावांनी सामान उतरवायच्या आधी दुर्बीण काढली. वर्षभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे मान मोडून बसतात, आणि सुट्टी लागली की पक्ष्यांपुढे. विनीता म्हणाली, "आई, आता आठवडाभर हा आपला नाही." हसलो.

आज पंधरवडा उरला. तेरा जुलैला आमचं विमान. आमचं म्हणजे माझं आणि मीराचं. विनीताचं एम.एस. सप्टेंबरात सुरू होतंय, दोन वर्षांचं. तोवर मीरा साताऱ्याला माझ्याकडे. हे मीच सुचवलं होतं, बाळ बारा दिवसांचं असताना. "डे-केअरमध्ये परक्यांच्या हाती कशाला? मी आहे ना धडधाकट!" मीराचा पासपोर्टही आला. फोटोत तिची मान सावरायला विनीताचा हात आलाय.

३० जून, रविवार

पहाटे पाचला धक्क्यावर. गुरुदत्तराव पुढे, मी मागे. नऊवारी सोडून पाचवारीवर आले त्याला चाळीस वर्षं झाली, आज पाचवारीवर विनीताचं विंडचीटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. आरशात पाहिलं नाही, बरं झालं.

नियम: बोलायचं नाही. बांगड्या वाजवायच्या नाहीत. (माझ्या हातात बांगड्या आहेतच कुठे आता! पण जावई नियम वाचून दाखवत होते, मी मान हलवली.) डास चावला तरी फटकन मारायचा नाही. इथले डास म्हणजे मधमाशीच्या मापाचे!

बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला पक्षी नुसते बघवत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. लून — दोन मोठे, हजर. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या चौकटी, बदकापेक्षा थोराड. आणि आईच्या पाठीवर दोन पिल्लं! आरामात बसलेली. खंड्या — हजर. सुतार — आवाज आला, चेहरा दाखवला नाही, म्हणजे उशिरा. निळा बगळा — हजर, एका पायावर, शिक्षा केल्यासारखा. सव्वासहाला वरून पांढऱ्या डोक्याचा गरुड गेला आणि सगळं तळं चिडीचूप. शाळा तपासायला साहेब आले की व्हायचं तसंच. त्याचं नाव मी इन्स्पेक्टर ठेवलं.

गुरुदत्तरावांनी रकाने पाहिले. "आई, लेट मार्क पण देता?" म्हणाले. मग अर्थातच देते.

१ जुलै, सोमवार

आज माझ्या हातून गुन्हा घडला.

गुरुदत्तराव पाचपासून धक्क्यावर पालथे पडलेले, कॅमेरा लावून. मी घरात बटाटे लावले. सकाळी बटाटे लावले की दिवस सुटसुटीत जातो, हे मला लग्नापासून माहीत आहे. खिडकीतून पाहते तो लून धक्क्यापासून दहा हातांवर! पाठीवर पिल्लू. गुरुदत्तरावांचा श्वाससुद्धा बंद असणार. आणि कुकरची पहिली शिट्टी झाली.

लून गेली पाण्याखाली. धावत जाऊन गॅस बंद केला, तरी दुसरी झालीच. समोरच्या काठावरचा बगळा उडाला. पाठोपाठ घरमालकीण मिसेस लिंडग्रेन शेजारच्या घरातून गाऊनमध्ये पळत आल्या — "इज एव्हरीवन ओके?" त्यांना वाटलं आगीची घंटा! विनीता हसून हसून जमिनीवर बसली. किती दिवसांनी हसली अशी.

जावई वर आले. शर्टाला चिखल. म्हणाले, "आई, फोटो घेतलाय. नुसतं पाणी. मध्ये गोल गोल." दुपारी बटाट्याची भाजी मात्र तीनदा घेतली. उद्यापासून नऊच्या आत कुकर नाही, असा ठराव पास.

२ जुलै, मंगळवार

हजेरी कमी. ढग होते.

मीराला कालपासून बाटली. अंगावरचं विनीताने एकदम बंद केलं. मी म्हटलं, हळूहळू कर गं. तर म्हणाली, "नको. तिला तुझी सवय व्हायला हवी." आज दुपारी मी बाटली दिली, मीरा माझ्या पदराचं टोक मुठीत धरून गटागट प्यायली. समोर विनीता पक्ष्यांचं पुस्तक घेऊन बसलेली. अर्धा तास तेच पान. तिच्या शर्टावर दोन ओले डाग पसरत होते. माझं लक्ष गेलेलं पाहून तिने पुस्तक छातीशी धरलं आणि "चहा टाकते" म्हणून उठली.

मला काय वाटलं ते खरं लिहिते. पोरीची कीव आली. पण मीरा माझ्याकडून प्यायली याचा आनंदही झाला. चार वर्षं एकटीच्या घरात काढलीत मी. ह्यांच्या मागे संध्याकाळी दोन पोळ्या करायच्या आणि त्यातली एक सकाळी खायची. आता घरात बाळ येणार! शेजारच्या पद्मिनीचं पत्र आलंय, तिने पाळण्याच्या दोऱ्याही बदलून घेतल्या. आख्खी गल्ली वाट बघतेय म्हणे.

३ जुलै, बुधवार

मिसेस लिंडग्रेन ब्लूबेरीचा केक घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील, पण ताठ. मला बाई आवडली होती. मीराला बघून बोबडं बोलून झालं, मग विचारलं, पुढच्या सुट्टीत ही पळत असेल नाही धक्क्यावर? विनीताने सांगितलं, ती दोन वर्षं इंडियात असेल, आजीकडे. बाईंनी मीराचं बोट सोडलं. मग म्हणाल्या, "ओ माय. दॅट्स अ लाँग टाइम फॉर अ लिटल वन."

मी माझं हेडमास्तरणीचं इंग्रजी काढलं. "इन अवर फॅमिलीज, मॅडम, अ ग्रँडमदर इज ऑल्सो अ मदर." त्या म्हणाल्या, "आय'म शुअर," आणि बघितलं मात्र विनीताकडे.

केक खाल्ला नाही मी. हिला काय कळतंय! हिची मुलं अठराव्या वर्षी घर सोडून गेली, नाताळला येतात. दिवसभर चिडचिड झाली. संध्याकाळी एक तुकडा खाल्ला. बरा होता.

मीरा आज पालथी पडली! पहिल्यांदा. गोधडीवर, माझ्यासमोर. हात अडकला तो स्वतःच सोडवला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. विनीता आंघोळीला गेलेली. मी मीराला पुन्हा उताणी केलं आणि विनीता आल्यावर म्हटलं, "बघ बघ, आज हिचं काहीतरी चाललंय." आम्ही दोघी तासभर बसून राहिलो. पालथी पडेल तर शपथ! झोपली.

मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही?

४ जुलै, गुरुवार

इथला मोठा सण. प्रत्येक धक्क्यावर झेंडा. मोटरबोटी इतक्या, की लूनमंडळी पार पलीकडच्या लव्हाळ्यात. हजेरी: इन्स्पेक्टर, आणि ओसरीत टांगलेलं साखरपाणी प्यायला येणारा तो अंगठ्याएवढा हमिंगबर्ड. बाकी रजेवर.

दुपारी ओसरीत सगळे. गुरुदत्तराव पुस्तकातून वाचून दाखवत होते. त्यांना वाचून दाखवायची सवय आहे, आणि समोरच्याकडे न बघायचीही. "इंटरेस्टिंग हं, आई. थंडीच्या आधी लूनचे आईबाप निघून जातात, समुद्राकडे. पिल्लं इथेच राहतात, आणखी काही आठवडे. मग आपली आपण जातात. रस्ता कोणी दाखवत नाही!" विनीता उठली आणि आत गेली. ते पुढचं पान वाचू लागले. मी म्हटलं, "गुरुदत्तराव, पुरे." जरा जोरात म्हटलं असेन. बिचारे गोंधळले. मनाने सोन्यासारखा माणूस, पण दुर्बिणीशिवाय दिसत नाही त्यांना.

आत गेले तर विनीता मीराचे कपडे घडी करत होती. केलेल्या घड्या मोडून पुन्हा करत होती. मग हसत हसत सांगायला लागली — यांच्या गावातल्या, ईडन प्रेरीतल्या त्या कुमारचा मुलगा अमित, त्याला नागपूरला ठेवलेलं तीन वर्षं. परत आला तेव्हा एअरपोर्टवर आजीच्या मागे लपला. आईला काकू म्हणाला. "वर्षभर काकूच म्हणत होता, आई! 'अहो, तुम्ही' म्हणायचा तिला. सगळे हसायचो यार आम्ही."

मी पण हसले. काय करणार?

४ जुलै, संध्याकाळी

फटाके. पक्षी सगळे गैरहजर.

५ जुलै, शुक्रवार

सकाळी विनीताला घेऊन होडीतून गेले. मी वल्हवलं! जावई मीराला घेऊन काठावरून ओरडत होते, "आई, तुमची कंबर!" कंबर कसली, कृष्णेत पोहलेली बाई आहे मी. लव्हाळ्यापर्यंत नेली होडी. लून सापडल्या. पिल्लं आता पाठीवरून उतरून आईच्या बाजूने पोहत होती, दमली की पुन्हा चढत होती. विनीता बघत होती. मी हजेरीची वही नेलीच नव्हती.

तिने खिशातून कागद काढला. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मीराचं कसं करायचं त्याची यादी. डाव्या कुशीवर लवकर झोपते. डोक्यावरून पाणी घेतलेलं आवडत नाही. उजव्या कानामागे खाज येते तेव्हा रडते, भूक म्हणून रडत नाही. मी म्हटलं, "अगं, तुला वाढवलं ना मी? यादीशिवाय!" ती म्हणाली, "वाच ना, आई. एकदा माझ्यासमोर वाच. काही राहिलं असेल तर सांग."

वाचलं. चष्मा न्यायला विसरले होते, कागद लांब धरून वाचलं. शेवटच्या पानावर शेवटी लिहिलेलं: रोज एकदा माझा फोटो दाखव. दाखवताना 'ही आई' म्हण.

मी कागद घडी करून पोलक्यात ठेवला. "काही राहिलं नाही," म्हटलं. येताना हात थरथरत होते, वल्हं नीट पडेना. गुरुदत्तरावांना वाटलं मी दमले.

दुपारभर एकच विचार. हे मीच सुचवलं होतं. त्या दोघांना वाटतं, आता नाही म्हटलं तर आईचं मन मोडेल. आईने गल्लीभर सांगितलंय, पाळणा तयार आहे. विनीता मला कधी नको म्हणणार नाही, तिला मी तसं वाढवलंच नाही. आणि मी 'तुझं तू ठरव' म्हटलं, तर ती 'ठरल्याप्रमाणेच' म्हणेल. माझ्यासाठी. तिने स्वतःचं दूधसुद्धा आटवायला घेतलंय.

आणि मला मीरा हवी आहे. फार हवी आहे. हे कोणाला सांगणार? एवढ्यासाठीच वही.

गुरुदत्तराव ओसरीतून हाक मारत होते, "आई, किंगफिशर आलाय!" गेले नाही.

६ जुलै, शनिवार

निघायच्या आधी सांगून टाकलं. गुरुदत्तराव गाडीत सामान भरत होते. म्हटलं, "विनू, मला नाही गं झेपणार. काल हात कसे थरथरले ते पाहिलंस ना. माझं वय झालं." हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. इतकं सोपं गेलं. गुरुदत्तराव म्हणाले, "आई, पण सगळं बुक झालंय..." मी म्हटलं, "माझं एकटीचं तिकीट राहू दे."

विनीताने माझ्या हातातून मीराला घेतलं, गाडीच्या मागच्या सीटवर बसली, आणि दार उघडंच ठेवून तिला पाजायला लागली. बाटली माझ्या पिशवीत होती, ती मागितली नाही.

मी पुढे बसले. कुकर मांडीवर घेतला आणि ईडन प्रेरीतलं घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.