सावधान, दोन्ही टाचा जुळवून

२ डिसेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, काय काय होतं ते लिहून ठेवा. काहीच होत नाही, हे लिहून ठेवणार आहे.
वय ४९. बावीस वर्षं पीटी टीचर. दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. म्हणजे नसांवरचं कव्हर जागोजागी खराब होतं आणि मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही. पाय माझे, आणि हुकूम देणं हे माझं काम. निघेल काहीतरी मार्ग.
तोल सांभाळायचे व्यायाम शिकायला फिजिओथेरपिस्टकडे जा म्हणाले, नाहीतर पडाल. मी शाळेतल्या अर्ध्या मुलांना एका पायावर उभं केलेलं आहे.

४ डिसेंबर
धरमपेठेतल्या क्लिनिकमध्ये गेलो. फिजिओथेरपिस्ट निघाली भैरवी. आपलीच विद्यार्थिनी, दहावी ब. मार्च पास्टमध्ये डावा-उजवा चुकायची म्हणून मी तिला मागच्या रांगेत टाकलं होतं. पाया पडली. मग मला कोपऱ्यात उभं केलं आणि समोर खुर्ची लावली.
रोजचं काम: ओट्याजवळ उभं राहून दोन्ही पाय जुळवायचे, तीस सेकंद. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून दहा सेकंद. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. घरात कोणी जवळ असतानाच. शिवाय काठी वापरायची.
पहिलीच्या मुलांचे प्रकार आहेत. टाच-बोट माझं तीन सेकंद झालं. त्यांच्या फरशीला उतार आहे.
काठी घेणार नाही.

७ डिसेंबर, सकाळी ६
संकल्प: २६ जानेवारीची परेड मीच घेणार.
हेडमास्तर वामनराव काल म्हणाले, यंदा तुम्ही खुर्चीवर बसून बघा, कमांड नवीन टीचर देतील, आणि नंतर लायब्ररी सांभाळा, सावलीत. मी सांगितलं, बसून सावधान देता येत नाही. विचार करा म्हणाले. तिथेच उभ्या उभ्या केला. परेड घेणार.

९ डिसेंबर
व्यायाम नाही. शाळेत दिवसभर उभाच होतो, ते यातच धरलं.

१३ डिसेंबर
सोपे प्रकार सोडून सरळ वरच्या लेव्हलला गेलो. गादीवर, डोळे मिटून, एका पायावर. बायको, सरिता, भाजी आणायला गेली होती.
पडदा हाताशी आला. मग रॉडही आला.
सरिता परतली तेव्हा मी पडदा पांघरून गादीवरच होतो. पडले का, विचारलं. मी म्हटलं, धुवायला काढला. "रॉडसकट?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.
गादीवरचं पडणं पडण्यात धरत नाहीत.

२१ डिसेंबर, रविवार
फुटाळा तलावावर फिरायला. एकटा. मस्त थंडी. परतताना डावा पाय उचललाच नाही, फुटपाथवर बसलो. बसलोच. दोघं धावत आले. सांगितलं, काही नाही, लेस बांधून राहिलो. ते माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. सँडल होत्या.
लोकांना कामधंदे नाहीत.

२९ डिसेंबर
भैरवीने विचारलं, किती वेळा पडलात? सांगितलं, एकदाही नाही. व्यायाम रोज? रोज. तिनं टाच-बोट करून दाखवायला सांगितलं. दोन सेकंद. तिनं आकडा लिहिला आणि माझ्या पायांकडे बघितलं. मागच्या रांगेत असतानाही अशीच बघायची.
मग म्हणाली, "सर, तुमच्या तळपायातून निरोप कमी येतात. तुम्ही डोळ्यांच्या भरवशावर उभे आहात. नजर हलली की तोल जाईल. निदान परेडला पाय थोडे फाकवून उभे राहा."
सावधानमध्ये टाचा जुळवतात. दहावी ब ला हे मीच शिकवलं होतं. विसरली.

८ जानेवारी
बाथरूम. साबण.
सरिताने दार ढकललं. मला उठवता उठवता तीही घसरली, कोपर सोलवटलं. हळद लावत बसली होती. म्हणाली, "तुम्ही पडता तं उचलाले मीच येते ना? मंग मलेच काहून खोटं सांगता?"
मी तो साबण खिडकीतून बाहेर टाकला.
साबणाचा ब्रँड बदलला.

२० जानेवारी
आजपासून पक्कं. सात आठवड्यांचे व्यायाम सहा दिवसांत बसवले. दिवसातून आठ वेळा. सकाळचे दोन राउंड झाले. दुपारी तिसरा. नंतर पाय पायांसारखे राहिले नाहीत.

२२ जानेवारी
दोन दिवस पलंगावर. विश्रांती हासुद्धा ट्रेनिंगचा भाग असतो. भैरवीचा फोन: एवढं एकदम करतात का, या आजारात थकवाच पाडतो. तिला कोणी सांगितलं, विचारलं नाही. सरिताचं तोंड पलीकडे होतं.
परेड घेणारच.

२६ जानेवारी, दुपारी ३
घेतली.
सरिता सोबत होती, पालकांच्या खुर्च्यांत. वामनरावांनी झेंडा फडकवला. मी "परेड, सावधान" म्हटलं. आवाज पहिल्यासारखाच निघाला. सहाशे मुलांच्या टाचा एकदम वाजल्या. माझ्याही. राष्ट्रगीत सुरू झालं.
अर्ध्यावर मान वर करून झेंड्याकडे पाहिलं. जमीन सरकली. हात पुढे आलेच नाहीत. कपाळ आधी टेकलं.
पडलो.
कोणी हललं नाही. राष्ट्रगीत चालू असताना नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, हे सगळ्यांकडून मीच घोकून घेतलं आहे. सहाशे मुलं, सगळे टीचर, वामनराव, सगळे समोर बघत ताठ. एक रांग वाकडी नाही. माझ्या हातून इतकी चांगली परेड कधी झाली नव्हती, आणि ती मी मातीतून पाहिली.
एकटी सरिता चालत आली. सगळ्या रांगांसमोरून. माझ्या बाजूला मातीत बसली. राष्ट्रगीत संपेपर्यंत माझ्या कपाळावर पदर धरून होती.
मग विचारलं, लागलं का?
मी नाही म्हटलं. जरा वेळाने हो म्हटलं.
विश्राम नवीन टीचरने दिला.

२७ जानेवारी
तीन टाके. वामनरावांचा फोन आला. लायब्ररीला हो म्हणालो.
संध्याकाळी ओट्याजवळ टाच-बोट. हात ओट्यावर, सरिता शेजारी, मोजायला. माझ्या मते नऊ सेकंद झाले. ती म्हणाली, चार.
चार.