तिसरी चूक

प्रिय वन्सं,

काल माझ्या तिशीतल्या लेकीच्या दोन वेण्या आणि फुलाफुलांचा झगा पाहून तुम्ही म्हणालात, "ऑटिझमवालं लेकरूच ते! त्याला प्रेमबिम काय कळणार?"

ती छापखान्यात प्रुफं तपासते. "आत्या, दोन चुका झाल्या," ती म्हणाली. "झगा मऊ आहे म्हणून घालते. आणि माझं प्रेम आहे, ग्रंथपालबाईंवर. त्यांचंही आहे."

तुम्ही ताटावरून उठलात.

सकाळी मी तुम्हाला माफीचं पत्र लिहून तिला तपासायला दिलं. 'तिच्या बोलण्याबद्दल माफ करा' हे वाक्य लाल शाईने खोडून तिने समासात लिहिलं, 'तिसरी चूक'.

मी तिचीच माफी मागितली. हे पत्रही टाकत नाही. याल तेव्हा तोंडावर सांगेन, पोरीचा शब्द न् शब्द बरोबर होता.

तिची आई