आखाजीच्या आत परत

फैजपूर,
६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या नवलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच लावतेस. म्हणून केळीच्या गाडीवरच्या वना ड्रायव्हरसोबत हे पाकीट धाडतो आहे. मेघाच्या बाळंतपणाला कॅनडात पोचायचं तर नुसत्या तिकिटावर भागत नाही, आधी व्हिसा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, ते मी बघतो. गेल्या खेपेस मूल पोटातच गेलं तेव्हा पोरीने सगळं एकटीने सोसलं. या खेपेस तू तिच्या उशाशी हवीसच.

अर्जासोबतचं पत्र मी लिहिलं आहे. ‘मी वृद्ध, विधवा व निराधार असून मुलीवाचून मला जगात कोणी नाही, तरी मेहरबान साहेबांनी दया करावी.’ याच भाषेवर मी शेतात विजेची डीपी आणली आणि रस्ताही करून घेतला. साहेब कुठलाही असो, तो रडणाऱ्याकडे आधी बघतो. मेघालाही सांगितलं आहे, आईने हवं तितकं राहावं असं मोकळ्या मनाने लिही म्हणून. आमच्या ऑफिसातली पुनम सगळ्याचं इंग्रजी करेल. तू खुणेच्या जागी सही कर आणि माझ्या भाषेत चुका काढू नकोस.

लोभ आहेच. सही करताना नाक मुरडलंस तरी तो तसाच राहू दे.
तुझा,
नवल

देवपूर, धुळे,
९ ऑक्टोबर २०२५

चि. नवल यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सही केली. नाकही मुरडलं, ते तुला तिथून दिसलंच असेल. वृद्ध म्हणालास, चालेल. विधवा आहेच. पण निराधार हा शब्द घशात अडकला. यांची पेन्शन आहे, घर माझ्या नावावर आहे, नि तुझ्यासारखा भाऊ पाठीशी असताना मी कुठली निराधार?

शेजारच्या भिकुबाईला हौसेने वाचून दाखवलं, तर ती सुपातले गहू तसेच टाकून उठली. म्हणाली, तू निराधार शे, तं मी कोन शे? अजून फुगलेली आहे. पण अर्ज लिहिण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही, म्हणून शब्द खोडला नाही.

भावजयीला आशीर्वाद. माया कमी होऊ देऊ नकोस, अक्कल मात्र थोडी वाढव.
तुझी,
वच्छलाअक्का

फैजपूर,
३ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगतो. व्हिसा नाकारला. पुनमने कारण वाचून दाखवलं. मुदत संपल्यावर तू कॅनडातून परत निघशील याची त्यांना खात्री वाटत नाही. मेघाला मीच फोन केला. ती रडली नाही, फक्त म्हणाली की, मामा, आईला म्हणावं जेवण सोडू नको. ते ऐकून माझाच घास उतरेना.

केळी भरायच्या खोक्यांचे व्यापारी नजीरभाई आले होते. त्यांची मेहरुनभाभी मुलाकडे तिकडेच जाऊन आली. आपला कागद वाचून ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, नवलभाऊ, तुम्ही साहेबाकडे मदत मागितली. तो बिचारा एवढंच विचारत होता की, पाहुणी घरी परत कधी जाणार, आणि कशासाठी जाणार.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी आखातात केळी पाठवतो, कागदांचा ढीग लागतो, पण केळं परत येणार का, असं कोणी विचारत नाही. माणसाला तेच पहिलं विचारतात. इकडे जितकं गरीब दिसावं तितकं काम होतं, तिकडे आपलं बस्तान दाखवावं लागतं. आणि मी तुला लिहून-लिहून उघड्यावर आणून बसवलं. त्यावर मेघाचं ‘हवं तितकं राहा’.

दुसरा अर्ज करता येतो. जुना नकार लपवायचा नाही, खोटं एक अक्षर लिहायचं नाही, असं नजीरभाईंनी बजावलं आहे. आता पत्र तूच लिही. इथे तुझं काय आहे ते सांग.

रागाव, पण दार बंद करू नकोस.
तुझा,
नवल

देवपूर, धुळे,
७ डिसेंबर २०२५

चि. नवल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. लिहायला बसले आणि राग कुठे गेला कळलं नाही. भिकुबाई समोर बसून, हे राहिलं, ते राहिलं, करत होती. पुनमला म्हणावं, असंच्या असं इंग्रजी कर:

‘माझी मुलगी फेब्रुवारीअखेर बाळंत होणार आहे, तेवढ्यासाठी मी येत आहे. एप्रिलच्या मध्यात परत निघेन. देवपूरला माझं स्वतःचं घर आहे, पेन्शन इथल्या बँकेत येते. उन्हाळ्यात आमच्या गल्लीचे पापड माझ्या अंगणात होतात आणि पिठाचं मीठ मीच बघते. एप्रिलमध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे. आमच्याकडे त्या सणाला लेकी-बहिणी माहेरी जातात. माझा भाऊ दर वर्षी मुराळी होऊन, म्हणजे मला घेऊन जायला, स्वतः येतो. लग्नापासून ते चुकलेलं नाही, यंदाही चुकवायचं नाही.’

घराचा उतारा आणि पेन्शनचं पुस्तक सोबत आहे. मेघालाही नीट तारखा लिहायला सांग. आई किती दिवस हवी ते तिला मनात ठेवता येईल, कागदावर नको.

भिकुबाई पुन्हा बोलायला लागली आहे. तुझ्यावरची माया जागेवर आहे.
तुझी,
अक्का

फैजपूर,
२९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटात पासपोर्ट आहे, वनाच्या हातून नीट तपासून घे. मधलं पान उघड. व्हिसा आहे. मेघाला सांगितलं, तेव्हा मात्र ती रडली, पोटभर.

तिकडे उतरल्यावर विमानतळावरचा साहेब पुन्हा विचारेल, कशाला आलात, कधी जाणार. कानाचं मशीन लावून ठेव. ऐकू आलं नाही तर परत विचार, मनाने लावू नकोस. जे लिहिलंस तेच सांग. डिंकाचे लाडू नेता येतात का, ते पुनम बघते आहे, तोवर बांधायला घेऊ नकोस.

परतीचं तिकीट आखाजीच्या आतलं काढलं आहे. यंदा मुराळी देवपूरला येणार नाही, मुंबईच्या विमानतळाबाहेर उभा राहील. भिकुबाईला कळवून टाक, तुला घ्यायला येणाऱ्या गाडीत तिची जागा धरली आहे.

बाळाला माझ्या वाटचा पापा दे, आणि तुझी माया आम्हा दोघांत वाटू नकोस, माझ्यावर पूर्वीइतकीच राहू दे.
तुझा,
नवल