शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ

१२ जानेवारी
कानाझावाला पोचलो. कुणी विचारलं तर, बर्फातली बाग बघायला आलोय. बायको माहेरी बसली म्हणून तिच्यामागे धावणाऱ्यातला मी नाही. किनुए ऑक्टोबरात इथे आली ती आईचा पाय मोडला म्हणून. पाय कधीच जुळला. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, पण आज मला बघून दाराबाहेर आल्या त्या जवळजवळ पळतच. तरी किनुए टोकियोला परतायचं नाव काढत नाही. आईची माया, दुसरं काय.
प्लॅन: येत्या रविवारी किनुए टोकियोच्या गाडीत.

१३ जानेवारी
बाग राहिली. छत्री आणायला विसरलो. इकडे म्हणतात, डबा विसर पण छत्री विसरू नको. सासूबाईंनी हे सकाळी, दुपारी आणि सूप पिताना ऐकवलं.
किनुएशी बोललो. तिचं म्हणणं, रिटायर झाल्यापासून मी घराचं ऑफिस केलंय. रोज सकाळी स्वयंपाकघरात मीटिंग. कोबी चिरण्यावर सूचना. मी शांतपणे विचारलं, सूचनांमुळे कोबी सुधारला की नाही? ती उठून गेली. मुद्दा पटला असावा.
जाता जाता म्हणाली, "अहो, तोंडानं खूप झालं. हातानं काहीतरी करून दाखवा, मग येण्याचं बघू."
सोपं आहे.

१४ जानेवारी, पहाटे
रात्रभर बर्फ. संधी दारात चालून आली. खोरं घेतलं, आमच्या दारापुढचा रस्ता मोकळा केला. शेजारी त्सुरुमीबाई, विधवा, वय झालेलं. त्यांचाही केला. पलीकडे निशिदे गुरुजी. त्यांचाही. अंगात जोर आला होता. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. किनुएनं खिडकीतून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. आनंद मावत नसणार.

त्याच दिवशी, जेवणानंतर
सासूबाईंनी गल्लीचा नियम सांगितला. आपल्या दारापुढचा बर्फ काढायचा, शेजाऱ्याच्या हद्दीत खोऱ्याच्या रुंदीइतका आणखी, बस्स. कमी काढला तर माणूस आळशी. जास्त काढला तर शेजाऱ्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं, आणि शेजारी आळशी असं जगजाहीर.
मी म्हटलं, चांगुलपणा खोऱ्यानं मोजायचा नसतो. त्यावर सासूबाईंनी किनुएकडे बघितलं आणि किनुएनं छताकडे. वाक्य चांगलंच झालं होतं.

१५ जानेवारी
त्सुरुमीबाई मुरवलेला सलगम-मासा घेऊन आल्या. गुरुजी साकेची बाटली. कोपऱ्यावरचा मिठाईवाला मिठाई. सगळे कमरेतून इतके वाकले की सरळ होईनात. मी गल्लीत लोकप्रिय झालोय. किनुए दिवसभर बाजारात. आलेल्या भेटींना उलट भेटी द्याव्या लागतात. घरी आली तेव्हा पाय सुजले होते. तिनं चांगले बूट घ्यायला हवेत. तसं सुचवलं.

१६ जानेवारी
उठून बघतो तर आमच्या दारापुढचा बर्फ गायब! त्सुरुमीबाईंनी अंधारात येऊन काढला. त्यात त्यांची कंबर धरली. मला हे आव्हान वाटतं. उद्या त्यांच्याआधी उठणार.

१७ जानेवारी
उठलो. बाहेर अख्खी गल्ली खोरी घेऊन उभी. सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतायत. अडचण एकच: रात्री बर्फ पडलाच नव्हता. रिकाम्या हातानं परत कसं जायचं? मी मागच्या अंगणातला बर्फ बादल्या भरून आणला, प्रत्येकाच्या दारात थोडा थोडा पसरला आणि काढला. मग गुरुजींनी त्यांच्या अंगणातला आणला. नऊ वाजेपर्यंत चाललं होतं. इतकी एकजूट मी ऑफिसातही बघितली नाही.

१८ जानेवारी
गल्लीचे प्रमुख ताकेबे आले. तासभर हवेची तारीफ केली, चहा घेतला, आणि बूट घालता घालता सांगितलं की त्सुरुमीबाई अंथरुणात आहेत, गुरुजींना खोकला आहे, गल्लीत कुणाला झोप नाही. सासूबाईंनी कपाळ जमिनीला टेकवलं. शेवटी ठरलं: हा हिवाळा संपेपर्यंत साऱ्या गल्लीचा बर्फ आमच्या घरानं काढायचा. ही भरपाई, उपकार नव्हे; म्हणजे सगळ्यांची फिट्टंफाट.
मी म्हटलं, उत्तम तोडगा. किनुएनं कपाट उघडून बॅग भरायला घेतली. उद्याच टोकियोला निघते म्हणाली.
जिंकलो. मीही बॅग काढली. सासूबाईंनी ती उचलून परत माळ्यावर ठेवली.

१९ जानेवारी, रविवार
किनुए सकाळच्या गाडीनं गेली. मी गेलो नाही. आमच्या घरानं म्हणजे कुणी, हे काल मी विचारायला हवं होतं. सासूबाईंना खोरं झेपत नाही, किनुएचे पाय सुजलेले. उरतं कोण?
दारात ती म्हणाली, "केलंत हो हातानं, बघितलं मी. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा टोकियोच्या घराची ओढ लागलीय."
मी विचारलं, माझ्यामुळे? ती म्हणाली, हो, तुम्ही इथे आहात ना, म्हणून.
हे मी दोनदा लिहून बघितलं. कसंही वाचलं तरी वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. मग विचारलं, मी कधी येऊ? बर्फ वितळला की फोन करा, मग बघू, म्हणाली.
सासूबाई सांगतायत, यंदा एप्रिलपर्यंत काही वितळत नाही. खुशीत आहेत.