सोपटात बांधलेला गिअरबॉक्स

१८ मे, सोमवार
शोभाताईंचा आज चौथा फोन. उदगीरच्या पलीकडच्या एका गावात शाळेची व्हॅन चालवतात, स्वतः. व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. मॉडेल बंद होऊन जमाना झाला, तिकडे कुठे मिळेना. कुणीतरी त्यांना माझी जुन्या पार्टांची, मोबाईलवर टाकलेली जाहिरात दाखवली. माझ्याकडे एक आहे. एकच. वालीवच्या गाळ्यात, मागच्या फळीखाली, दोन वर्षं पडून.

'शाळा पंधरा जूनला उघडते दादा. लेकरांच्या मायबापांनी तवर वाट बघतो म्हणलंय. त्या दिवशी गाडी नाही आली तर दुसरी लावणार.'

पाठवतो म्हणालो. अठ्ठावीस किलो लोखंड इथून उदगीरला कसं जाणार याचा विचार फोन ठेवल्यावर केला. हे माझं नेहमीचंच.

१९ मे
कुरिअर: भाडं गिअरबॉक्सपेक्षा जास्त. पायी नेऊन दिला तरी स्वस्त पडेल.
ट्रॅव्हल्सच्या बस: हायवेवर उभं राहून तिघांना विचारलं. दोघांनी काच खाली केली नाही. तिसरा म्हणाला, 'काका, तेल गळणार. डिकीत लोकांच्या बॅगा असतात.' बरोबर आहे त्याचं.
रेल्वे पार्सल: होईल. पण तिकडे स्टेशनवर उतरवून घ्यायला माणूस आणि गाडी हवी. शोभाताईंना विचारलं. 'गाडीच बंद हाय तर आणू कशात?'

२१ मे
गोडाऊन लाइनमधल्या एका ट्रान्सपोर्टकडे गेलो. पार्ट लोड, म्हणजे दहाजणांचा माल एका ट्रकात. परवडतं. उदगीरपर्यंत ट्रक, पुढे त्यांचाच टेम्पो गावात सोडणार. मोरे म्हणून कारकून आहे. म्हणाला, 'तेल पूर्ण काढा. एक थेंब दिसला तरी माल घेणार नाही. पॅकिंग तुमचं.'
किती दिवस लागतील?
'गाडी भरली की निघते.'
कधी भरते?
'भरली की.'
दुसरा पर्याय नाही. शो.ता.ना सांगितलं, आठ दिवस धरा. मनात बारा धरले.

२२ मे
तेल काढलं. थेंबसुद्धा राहू नये म्हणून आतून पेट्रोलने धुतला, वाऱ्यावर ठेवला. चकचकीत कोरडा. लाकडी खोक्याला सुताराकडे वेळ नाही, सोमवारनंतर बघू म्हणतो. स्कूटरवर पायाशी ठेवून निर्मळला घरी आणला.

आप्पा ओट्यावर. आई गेल्यापासून वडील असे ओट्यावरच असतात, जेवायला बोलावलं तर येतात. सहा महिने झाले. आज आपणहून विचारलं, 'हे काय?'
'पार्सल आहे. लातूरकडे जायचंय.'
'गाडीने?'
'ट्रकने.'
वाकून त्या लोखंडावरून हात फिरवला. मग, 'बांधणार कोण?'

आप्पांनी तीस वर्षं आमच्या वाडीतली खायची पानं करंड्यांत भरून रेल्वेने उत्तरेला पाठवली. पानवेली कधीच गेल्या, आता केळी आणि थोडा मोगरा. बांधायचं मात्र ते विसरलेले नाहीत.

२४ मे, रविवार
सकाळी उठून बघतो तर आप्पा वाडीत. केळीच्या खुंटांची सोपटं, म्हणजे वरची जाड सालं, सोलून आणली, भिजत घातली. ओली असली की वाकतात, तुटत नाहीत. मी धरायचा, ते गुंडाळायचे. एक थर उभा, एक आडवा. दोर पण सोपटाचेच. गि.बॉ.ला दोन्ही बाजूंना भोकं असतात, जिथे चाकांचे दांडे बसतात. त्यांनाही ओल्या सोपटाचे बोळे करून घट्ट बुचं मारली. प्लास्टिकची बुचं माझ्या गाळ्यात खणात पडलेली आहेत. बोललो नाही.

नंदा चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, 'अहो, ओलं आहे ते सगळं.'
'सुकेल,' म्हणालो.

शेवटी आप्पांनी तांब्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि वरून शिंपडलं. पानांची करंडी निघताना तसंच करायचे, पानं चार दिवस टवटवीत राहतात. लोखंडाला टवटवीत राहायचं नसतं एवढं मला कळतं, पंचवीस वर्षं जुने पार्टच विकतोय. पण पाणी शिंपडून झाल्यावर आप्पा माझ्याकडे बघून हसले. फोटो काढला त्यांचा, गि.बॉ.वर हात ठेवलेला.

२५ मे
माल दिला. मोरेने फिरवून फिरवून बघितला. 'काय पॅकिंग आहे काका. एक थेंब नाही.' पावतीचा फोटो शो.ता.ना पाठवला. त्यांचं उत्तर: 'आता टेन्शन नाही.' खाली हात जोडलेले.

वाटेत एकदा वाटलं होतं, गाळ्यावर थांबावं, सोडून पुन्हा नीट बांधावं. मग आप्पांनी मारलेल्या गाठी बघितल्या. सोडवेनात. म्हणजे सुटल्या असत्या, मलाच सोडवेनात.

२९ मे
गाडी भरली नाही. सोपटातलं लोखंड वालीवलाच, माझ्या गाळ्यापासून दहा मिनिटांवर.

१ जून, सोमवार
निघाला एकदाचा. पुण्याच्या अलीकडे कुठेतरी उतरवला, दुसऱ्या गाडीत चढणार. ती गाडीही भरली की निघणार.

आप्पा रोज दोनदा विचारतात, 'करंडी पोचली?' आज स्वतःशीच म्हणाले, 'आमची तिसऱ्या दिवशी दिल्लीला उतरायची.' आता सगळीकडे रस्तेच रस्ते, आणि आठ दिवसांत आपण पुण्यापर्यंत पोचलो.

५ जून
जेवताना ती दोन बुचं डोळ्यांसमोर आली आणि ताटावरून उठलो. आत तेलाचा पुसटसा थरही ठेवला नाही मी. पेट्रोलने धुतला. वर दोन्ही भोकांत ओले बोळे. हवा जायला जागा नाही. हे सगळं एकत्र करून बघितलं नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं.

पुण्याकडच्या गोडाऊनला फोन लावला. सोडून फक्त बाजूची बुचं काढाल का? 'दुसऱ्याच्या मालाला हात लावत नाही आम्ही.' प्रामाणिक माणूस. नेमका आज भेटला.

नंदा म्हणते, शोभाताईंना सांगून टाका.
'काय सांगू?'
'ओलं बांधलंय म्हणून.'
नाही सांगितलं. भित्रा आहे मी, इथे तरी लिहावं.

९ जून
पुण्याहून निघाला. शो.ता.चा सकाळी फोन, सीट नवीन शिवून घेतल्या म्हणाल्या. व्हॅन धुऊन दारात उभी केलीय. अकरा लेकरं आहेत, दोन यंदा नवीन.

१२ जून, शुक्रवार
पोचला. एकोणीस दिवस.

दुपारी शो.ता.चा फोन. मिस्त्री बाजूलाच होता.
'दादा, ह्याच्या भोकात पाला कोंबलाय काय?'
'केळीचं सोपट आहे.'
'आतून पाणी निघालं. लाल.'
फिरतो का, विचारलं. नाही फिरत. मिस्त्री म्हणतो दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवतो, बेअरिंग वाचल्या असतील तर फिरेल. तो काही छातीठोक बोलत नव्हता.

सांगितलं मग. ओलं आम्हीच बांधलं, मला कळत होतं, मी बोललो नाही. का बोललो नाही ते सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. त्यांना काय करायचंय माझ्या बापाचं. पैसे आजच परत करतो म्हणालो.
'पैसे घेऊन काय करू? तुमच्याकडं दुसरा हाय का?'
नाही.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं 'बरं' म्हणाल्या.

१३ जून
दिवसभर दुसरा शोधला. ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोन. जूचंद्रला एकाकडे त्याच मॉडेलची व्हॅन आहे असं कळलं म्हणून स्कूटर काढून गेलो. व्हॅन आहे. आत कोंबड्या आहेत. गिअरबॉक्स आधीच कुणीतरी नेलाय. आणि मिळाला असता तरी सोमवारी सकाळपर्यंत उदगीरला कसा नेला असता, हा विचार पुन्हा नंतरच आला.

शो.ता.नी फोटो पाठवला. पोत्यावर सगळी सोपटं नीट मांडून ठेवलेली, दोर वेगळे, गाठी तशाच. खाली लिहिलंय, 'मिस्त्री म्हणाला, बांधणाराचा हात चांगला हाय.' टोमणा नाही. मला तो फोटो धड बघताही येईना आणि पुसताही येईना.

१४ जून, रविवार
सकाळी आप्पांनी विचारलं, 'पोचली?'
'पोचली.'
'कशी उतरली?'
'चांगली,' म्हणालो. नंदा आत निघून गेली. आप्पांनी मान हलवली, मला ठाऊकच होतं अशी.

गि.बॉ. अजून डिझेलमध्ये. शो.ता. म्हणाल्या, संध्याकाळी बाहेर काढून मिस्त्री हाताने फिरवून बघणार. फिरला तर अंधार पडायच्या आत बसवायला घेणार. काहीही झालं तरी फोन करा म्हणून मीच विनवलं. उद्या सात वाजता पहिलं लेकरू घ्यायचंय, शाळेच्या उलट्या बाजूला, वस्तीवरून.

चार वाजता फोन नाही. पाचला नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. मिस्त्रीजवळ असतील. किंवा उचलायचा नसेल.

जेवण झाल्यापासून आप्पा वाडीत होते. आता सोपटांचा भारा घेऊन आलेत. दोणीत भिजत घातला, वर दगड ठेवला. घाम पुसत माझ्या शेजारी ओट्यावर बसले. सहा महिन्यांत एवढं चालले नव्हते.

पावणेसात. मोबाईल मधे ठेवलाय, दोघांच्या. आप्पा विचारतायत, आता पुढची करंडी कुठे पाठवायची आहे.