नुसत्या पाण्याची रांग

३ मार्च
पुन्हा काचघर. दादाचा प्रयोग शेवटचा एकदा करायचा. लवंगेचं तेल फवारलं की टोमॅटोवर करपा येत नाही, हे त्याचं म्हणणं. अकरा वर्षांत सिद्ध झालं नाही. संस्थेचे साहेब म्हणाले, "एवढा हंगाम घ्या. मग कुलूप."
डाव्या रांगेला तेल, उजवीला नुसतं पाणी. दोन्हींवर रोगाची बुरशी सोडली. उजवी मरायला हवी. मेली तरच दादा खरा.

९ मार्च
मरत नाही.

१० मार्च
वहिनीकडून दादाच्या वह्या आणल्या. दर हंगामाच्या शेवटी तेच — दोन्ही रांगा सारख्याच टवटवीत, औषधाचा परिणाम दिसत नाही. अक्षर वर्षागणिक बारीक होत गेलेलं. दवाखान्यात मला म्हणाला होता, "फुकट गेलं गं सगळं."
निघताना वहिनी म्हणाली, "माणूस गेला. त्याचं भूत तू कशाला पोसतेस?"

१४ मार्च
बुरशीच मेलेली असेल, म्हणून घरच्या कुंडीतल्या रोपावर सोडून पाहिली. चार दिवसांत रोप काळं! मग तिथेच का नाही?
सकाळी उजव्या रांगेत वाकले. लवंगेचा वास. दादाच्या सदऱ्यांना यायचा तसाच. त्याला स्वतःला तो कळायचा नाही. नाक केव्हाच बधिर झालं होतं.
मागे वळून पाहिलं. उगाच. तोंडातून निघून गेलं — "दादा?"
दारातून माळीकाका म्हणाले, "मलाही वाटतं, ताई. इथेच असतात ते."

१५ मार्च
आत जाववलं नाही.

१७ मार्च
आज न सांगता लवकर गेले. उजव्या रांगेत काका, पाठीवर तेलाचा पंप.
"काका!"
दचकले. मग लहान मुलासारखे हसले. "तळाशी थोडं उरतं, ताई. ओतून द्यायचं जिवावर येतं. ती तिकडची रोज औषध पितात, आणि ही बिचारी नुसत्या पाण्यावर. म्हणून देतो जरा जरा."
म्हणजे हे होतं माझं भूत! रागवायचं होतं, हसूच आलं. नवी रोपं लावू म्हटलं. उजवीला हात लावायचा नाही. शपथ घातली.

१८ मार्च
सकाळी काकांना एवढंच विचारलं — कधीपासून?
"दादांच्या पहिल्या हंगामापासून. एकही रोप मरू दिलं नाही मी. समाधानाने गेले ना हो ते?"
मी हो म्हणाले.