आठ नंबरचा क्रेट

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
दुपारी मशीन बंद, पूजा. तपासणीतली सायली रांगोळी काढत होती, मी उगाच तिथेच घुटमळत. म्हणाली, "गणपती फार खाली बसलाय, उंच काहीतरी आण ना." ग्राइंडिंगपाशी झाकलेला एक क्रेट दिसला, उचलला. प्रचंड जड, पण ती बघत होती. वर लाल कापड. "मस्त!" म्हणाली. मला की गणपतीला…

३ ऑक्टो., शुक्र.
डोकं फिरलंय. शाफ्टचे दहा क्रेट, तपासणीला पोचले नऊ. माझं काम एवढंच, दर टप्प्याला क्रेटचं कार्ड स्कॅन करायचं. आठ नंबरचा शेवटचा स्कॅन ग्राइंडिंगचा. पुढे गायब. जोशीसाहेब सगळ्यांसमोर: "इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलंत, ठीक. क्रेट तरी शेवटपर्यंत पोचवा. उद्या दुपारी गाडी निघायच्या आत सापडला नाही, तर सोमवारपासून आपण घरीच आराम करा." सायलीने ऐकलं. नेमकं.
ट्रॉलीवाल्या शेखचाचांवर भडकलो. "तुम्हीच कुठेतरी टाकला असणार!" ते शांतपणे, "बेटा, माझ्या हातात ट्रॉली. स्कॅनर तुझ्या हातात."
पूजा अजून मांडलेलीच, मालक परगावी; उद्या सकाळी आवरायची. जाताना गणपतीसमोर हात जोडले. सापडू दे रे बाबा.

४ ऑक्टो., शनि.
सापडला!!!
सकाळी सायली पूजा आवरत होती. हाक आली, "इकडे ये जरा." लाल कापड बाजूला. कार्डावर आठ. म्हणजे काल मी ज्याच्यासमोर हात जोडले, तो त्याच क्रेटवर बसलेला.
"साहेबांना काय सांगायचं?" तिने विचारलं. खरं तेच सांगितलं. साहेब चष्म्यावरून बघत: "पुढच्या वर्षी देवाला रिकामा क्रेट द्या." बस, एवढंच. एका शाफ्टवर कुंकू, तिने पुसून मोजला. सगळे पास. गाडी वेळेवर गेली. कालपासून आत्ता कुठे पोटभर जेवलो.
चाचांची माफी मागितली. त्यांनी अर्धा चहा पुढे केला. "घे. आधी स्कॅन कर."

६ ऑक्टो., सोम.
नोकरी शाबूत. आठच्या कार्डावर ग्राइंडिंग आणि तपासणीच्या मधल्या जागेत सायलीने पेन्सिलने लिहिलंय, 'गणपती'.
दुपारी विचारलं तिने, "एवढा जड क्रेट, एकट्याने का उचललास?"
"तू बघत होतीस म्हणून." निघून गेलं तोंडातून.
तिने हातातला शाफ्ट मोजला. परत मोजला. पासच्या ट्रेत ठेवला नाही, रिजेक्टच्याही नाही. तेवढ्यात जेवणाची बेल झाली. शाफ्ट तसाच तिच्या टेबलावर…